साल्मेच्या घागऱ्यावर जळणारा माग

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे आणि सांगायला लाज वाटते, पण स्वभावाने जळका आहे. माझा जन्म जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत झाला. महायुद्धात एस्टोनियातून जीव मुठीत धरून पळालेल्या एका सुताराने खोक्यांच्या फळ्या ठोकून मला साल्मेसाठी उभे केले. तीही तिथूनच पळाली होती. बोटीत चढताना लोकांनी भांडीकुंडी घेतली, तिने आईचा पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी घागरा घेतला. माझ्या जळण्याचे कारण तोच.

छावणी उठल्यावर मला सुटा करून ती टोरोंटोला घेऊन आली. तिथल्या तळघरात आम्ही चाळीस वर्षे काम केले. आमच्या माणसांत प्रत्येक गावच्या घागऱ्याचे पट्टे ठरलेले असतात. परमुलखात ते विसरले जाऊ नयेत म्हणून साल्मेने कंबर कसली होती. दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी ती माझ्यापुढे बसायची. हात माझ्यावर, डोळे मात्र शेजारच्या खुर्चीवर पसरलेल्या घागऱ्यावर. त्याचा एकेक धागा मोजायची. आमच्या गाण्याच्या उत्सवात कितीतरी मुली माझ्यावर विणलेले घागरे घालून नाचल्या. पण पाहुणे तळघरात आले की म्हणत, "अगंबाई, हाच का तो घागरा!" आणि आपले ओले कोट माझ्यावर टांगत. त्या घागऱ्याला कसर लागावी असे मला मनापासून वाटे. खोटे कशाला बोलू?

एस्टोनिया स्वतंत्र झाला त्या वर्षी साल्मेने घागरा तिकडच्या एका संग्रहालयाला पाठवून दिला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता ही बाई फक्त माझी!

तोवर तिचे डोळे अधू झाले होते. नात काद्रीसाठी तिने गावचा घागरा नुसत्या आठवणीवर विणला. उत्सवाच्या सकाळी तिची मैत्रीण एल्फ्रीडा कॉफी प्यायला आली आणि काद्रीला बघताच तिने हातातला कप खाली ठेवला.

"साल्मे, हा करडा पट्टा कुठला गं? आपल्या गावाचा नाही. कुठल्याच गावाचा नाही! जन्मभर आमचे चुकलेले पट्टे उसवायला लावलेस, आता तूच चुकलीस?"

"आजी, मी नाही घालणार हा. सगळ्या हसतील मला," काद्री रडवेली झाली.

साल्मे त्या पट्ट्यावरून बराच वेळ बोटे फिरवत राहिली.

"खरंच की गं," ती म्हणाली. "छावणीत लाल लोकर नव्हती. आम्ही कांबळं उसवून करडा धागा काढला होता. या मागावरचा माझा पहिला घागरा तो. आठवायला गेले आईचा, आणि हाताला आला हा."

"मग उसव!"

"नाही उसवणार. ती छावणीही आपलं गावच होती, एल्फ्रीडा. घाल गं पोरी. कोणी हसलं तर माझ्याकडे पाठव."

काद्री तोच घागरा घालून नाचली.

म्हणजे चाळीस वर्षे ती बघत होती घागऱ्याकडे आणि मनात जपत होती मला! हे मला कळले तेव्हा तिचे तीनच महिने उरले होते.

मित्रांनो, घागरा आता काचेत आहे. त्याची धूळ पुसायला पगारी माणूस आहे. माझ्यावर कोळ्यांनी घर केले आहे. हेवा अजून वाटतोच, तो काही गेला नाही. पण मला काच नको. काद्री भेटली तर तिला एवढे सांगा, खाली ये आणि माझ्यावर ताणा भर. पट्टा चुकला तरी चालेल.