हौसाबाईंची सदाबहार बारा गाणी

ती सीडी बाजारात आली त्या सोमवारपासून माझी बायको, जे गाणं वाजत असेल त्या गाण्याच्या वयाची होऊ लागली. गाणी बारा. पहिलं बोरीचं, ते तिनं एकोणिसाव्या वर्षी म्हटलेलं. शेवटचं पैंजणाचं, बावन्नाव्या. सीडी पातळ पाकिटात मिळायची, दुकानातली सगळ्यात स्वस्त. वर फोटो भलत्याच बाईचा होता.

आमचं घर बाजारपेठेच्या मागं. खलीलच्या सीडीच्या दुकानात सातवं लागलं की हौसा पस्तिशीची व्हायची, पदर खोचून कांदा चिरायची आणि म्हणायची, "अवं, ढोलकीची शाई उडालीया, बघा की." दहावं लागलं की चष्मा शोधायची. दुकान बंद झालं की पुन्हा आपली अडुसष्टची. एकदा रसवंतीवर दुसरं आणि खलीलकडं अकरावं एकदमच लागलं. तेव्हा तिचा डावा हात तरणा आणि उजवा पन्नाशीचा झाला. तिनं दोन्ही हातांनी भाकऱ्या थापल्या. चांगल्या झाल्या.

अडचण पहिल्या गाण्याची होती. आमची गाठ पडली चौथ्याला. त्यात ढोलकीवर मी होतो. त्याआधीच्या तिन्ही गाण्यांत ती मला ओळखत नाही. आणि गावाला पहिलंच आवडतं.

मी खलीलकडं गेलो. "खलील, जरा सातवं लाव की."

"मामा, गिऱ्हाईक बोरीचंच मागतंय."

"मग चौथं?"

"चौथ्यात ढोलकी लई मोठ्यानं वाजती म्हणत्यात," तो म्हणाला, आणि ती कुणी वाजवलीय ते आठवून सीड्या पुसायला लागला.

मग गावची जत्रा आली. पाण्याच्या टाकीवर कर्णे बांधले आणि रात्रंदिवस, मधे खंड न पडता बोरीचंच सुरू झालं. पहिल्या दिवशी हौसा ओसरीवर पाहुण्यासारखी बसली. मी चहा दिला. तिनं कपबशी स्वतः विसळून ठेवली. दुसऱ्या दिवशी आमच्या लग्नाच्या फोटोत ती एकटीच उभी होती. तिसऱ्या दिवशी भिंतीवर माझी ढोलकी नव्हती. खुंटीही नव्हती. तिच्या जागी हात फिरवला तर भिंत सारवलेली, ओली लागली.

दुपारी हौसानं गाठोडं बांधलं.

"आण्णा, लई उपकार झालं तुमचं. उद्या कोल्हापुरात माझं गाणं हाय."

"ढोलकीला कोण आहे?"

"असंल कुणीतरी."

"मी येऊ का?"

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. "तुमी कशाला या वयात दगदग करताय?" ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. मला वाईट वाटलं, पण गाठोडं जड होतं, म्हणून मी ते उचललं आणि स्टँडपर्यंत तिच्या मागं चालत गेलो. वाटेत बायका तिला बघून आपसांत म्हणत होत्या, कुणाची गं पोर ही?

एसटी उभीच होती. हौसा चढली. मी खिडकीतून गाठोडं आत दिलं. कंडक्टरनं मला हातानं बाजूला व्हायला सांगितलं आणि बेल मारली.

गाडी हलली तसं टाकीवरचं गाणं संपलं. खिडकीत अडुसष्ट वर्षांची हौसा बसली होती. तिनं गाठोड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अवं," ती म्हणाली, "तुमी खाली का?"

कर्ण्यात खरखर झाली.