पेटीतली नावं

"हे काय आहे, सांगा बरं?"

दातेरी कडं मी आमच्या ह्यांच्या नाकासमोर धरलं. हे कड्याकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिले. लकवा मारला तेव्हापासून ह्यांची वाचाच बसली होती. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, रोज हाताखाली असलेल्या वस्तू दाखवा, नावं विचारा, एखादा शब्द सुटेल. हे पडदे, फळ्या, कपाटं बसवणारे. ह्यांच्या हाताखालची वस्तू म्हणजे ड्रिलची पेटी, आत मशीन आणि त्याचं सगळं सुटं सामान. ती मी पलंगावर उघडली खरी, पण माझंच घोडं अडलं. विचारणारीलाच नावं ठाऊक नाहीत, तर उत्तर बरोबर की चूक कोण ठरवणार?

म्हणून युसूफभाईंना बोलावलं. आमच्या लग्नाच्या आधीपासून ते ह्यांच्या जोडीनं काम करतात. त्यांचं स्वतःचं ड्रिल मशीन जळालंय, चिकलठाण्याच्या नव्या इमारतीतलं काम अडलंय, हे मला त्यांच्या बायकोनं, बिल्किसनं, ह्यांच्या उशाशी बसूनच सांगितलं होतं. ते तोंडानं मागणार नव्हते आणि मीही देणार नव्हते. मशीन घरात आहे तोवर हे पुन्हा कामाला जाणार, असं मी मनाशी धरून बसले होते. वेडी आशा म्हणा, पण होती.

"भाभी, ह्ये होल सॉ," युसूफभाई म्हणाले. "दरवाजाला लॉक बसवताना गोल भोक पाडायला."

"मला वाटलं, पुऱ्या पाडायचं हाय!"

"आन् ह्यो स्प्रिंगवानी वाकतो ना, त्यो कोपऱ्यातला स्क्रू पिळायला. मशीन घुसत नाय तिथं कामाला येतो." मग त्यांचं बोट एका रिकाम्या खाचेवर थांबलं. "इथली सळई कुठं गेली?"

मी जीभ चावली. उठून शिवणाच्या डब्यातून सळई आणली. बारीक दाते असलेली, चांगली लांब. कित्येक वर्षं मी तिनं परकराची नाडी ओवत होते.

"या अल्ला! भाभी, डेप्थ रॉड हाय ह्यो! भोक किती आत घ्यायचं ते ह्याच्यावर ठरतंय."

"मग हे तर भोक पाडायच्या बिटालाच खुणेची चिकटपट्टी गुंडाळायचे!"

"आमी सगळेच चिकटपट्टीवाले. ह्यो रॉड लावतो कोण?"

आणि हे हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले! माझ्या जिवात जीव आला. मी पलंगाच्या कडेला बसले, ह्यांचा हात धरला.

"अहो, रॉड म्हणा. नुसतं रॉड. पाया पडते तुमच्या."

ओठ हलले. लाळ आली ती मी पदरानं पुसली. शब्द काही आला नाही.

मग ह्यांनी डाव्या हातानं पेटी जवळ ओढली. होल सॉ आपल्या खाचेत, वाकणारा त्याच्या खाचेत, बिट पकडणारं चक घट्ट करायची चावी कोपऱ्यात, शेवटी ती सळई. एकही चुकलं नाही. मला हसू आवरेना.

"बघा युसूफभाई, समदं ध्यानात हाय! पावसाळा सरला की कामावर येतात का नाय बघा!"

"व्हय भाभी," युसूफभाई म्हणाले, पण मान वर केली नाही.

झाकण बसलं. एक कडी ह्यांनी लावली. दुसरी लागेना. युसूफभाईंनी हात पुढं केला तो ह्यांनी बाजूला सारला आणि कोपरानं दाबून लावली. मग पेटी चादरीवरून ढकलत ढकलत युसूफभाईंच्या गुडघ्याला टेकवली.

"ने," हे म्हणाले.

अगदी स्पष्ट. लकव्याआधीचाच आवाज. ह्या एका शब्दासाठी मी देवांना, डॉक्टरांना विनवण्या केल्या होत्या, आणि आला तो हा. ठेवा ती पेटी खाली, असं मला ओरडावंसं वाटलं. युसूफभाई रडत होते, पेटीला हात लावत नव्हते.

ह्यांनी ती पुन्हा ढकलली. धाप लागली ह्यांना. ते मला बघवेना. मी उठले, पेटी उचलली आणि युसूफभाईंच्या हातात दिली.