मी हिरवी झाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी परीक्षानळी आहे. काचेची, बोटापेक्षा थोडी लांब. मिरजगावच्या एका दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. काम साधं होतं. माझ्यात निळं औषध ओतायचं, रुग्णाच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर लघवीत साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. विटकरी झाला तर फार.

कंपाउंडर मच्छिंद्र मला फार जपायचा. माझ्याकडून कधी चूक झाली नाही.

थांबा. हे वाक्य खोडते.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरून पुंजाराम आला. सोबत बायको, रंगुबाई. तो लघवीला बसतो तिथं मुंग्या लागतात, हे तिनंच हेरलं होतं. डॉक्टर नगरला गेले होते. मच्छिंद्रने मला दिव्यावर धरलं आणि मी हिरवी झाले.

"हिरवी आली," तो म्हणाला. "शुक्रवारी डॉक्टरांना दाखवा."

रंगुबाईचा चेहरा फुलला. "अवं, बघा की! सारं रान करपलं, पर तुमच्यात हिरवं हाय!"

"बैलाला सांगू नगंस. मागं लागंल माझ्या," पुंजाराम म्हणाला.

मच्छिंद्रही हसला. पुढचं सांगायचं राहून गेलं. रंगुबाईने मला उजेडात धरलं, "काय देखणा रंग!" म्हणाली. आणि मी, खरं सांगते, ऐटीत चमकले.

शुक्रवारी ते आले नाहीत. हिरवं म्हणजे चांगलंच. मग कामावर खाडा कशाला?

वर्षभराने पुंजारामला बाजेवर घालून आणलं. खडीची कपची लागून पायाला जखम झाली होती, ती काळी पडली होती. या वेळी मी बघता बघता विटकरी झाले.

"आधी कधी तपासलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. हिरवं आलं हुतं. तवा चांगलं हुतं," रंगुबाई म्हणाली. "ताकद यावी म्हनून कामावरची गोड सुकडी माझ्या वाटची बी ह्यांनाच घातली. रोज."

मच्छिंद्र मला धुवायला घेऊन गेला. मी केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो ब्रश फिरवतच राहिला.

नगरला पाय कापला, तरी पुंजाराम वाचला नाही.

दिवसकार्य झाल्यावर रंगुबाई एकटीच आली. "मच्छिंद्रा, हिरवं वाईट असतं व्हय रं?"

"होय मावशी. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागे वळली. "आता येईल त्याला सांगत जा. माझ्यावानी कुनाला हसू दिऊ नगंस."

मित्रांनो, लघवीतली थोडी साखरही माणूस नेते. घरात कुणाची तपासणी झाली, तर निकालाचा अर्थ विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.