मशीनखालचा ठणका

पायाचं मशीन घरी आलं तवा अण्णांनी आधी त्याला हळदकुंकू लावलं. मी म्हणलं, "अण्णा, ट्रॅक्टर हाय का ते?" तर म्हणले, "तू गप बस. तुझा पाय त्याच्या हातात हाय." 

मी राजकन्या, अण्णांची पोरगी. खोखो खेळते. लोह्याजवळच्या आमच्या गावातून जिल्ह्याच्या संघात गेलेली मी पहिलीच पोरगी. राज्याच्या संघाची निवड लातूरला होणार होती आणि यंदा माझं वय भरत होतं. ही निवड हुकली की कुमारी गटाचं दार कायमचं बंद. अन नेमक्या त्याच वक्ताला माझ्या उजव्या नडगीत दुखणं शिरलं. असला संताप आला होता म्हणून सांगू.

एक्स-रेत काही निघालं नाही. नांदेडच्या फिजिओ आरतीताईंनी घरी वापरायचं अल्ट्रासाऊंडचं मशीन भाड्यानं दिलं. मुठीत मावणारं, पुढं गोल चपटं डोकं. जेल लावायचं आणि नडगीशेजारच्या मांसावर ते डोकं हळूहळू फिरवत राहायचं, एका जागी धरायचं नाही. अण्णांनी तिथंच दिवा, जोराचं बटण, सगळं शिकून घेतलं आणि मोटरसायकल काढायला खाली गेले. तेवढ्यात आरतीताईंनी मला थांबवलं.

"राजकन्या, हाडाला बारीक चीर असली तर एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. मशीन फिरवताना आतून ठणका आला तर ते बंद करायचं आणि मला फोन करायचा. मग एमआरआय काढू. तोवर लातूर विसरायचं. चिरलेल्या हाडावर पळालीस तर ते मोडेल, आणि मग खेळ कायमचाच गेला."

मी हाव म्हणलं. अण्णांना मात्र त्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला बाजेवरून उठूच दिलं नसतं.

पहिल्याच संध्याकाळी ठणका आला. असा आला की डोळ्यांत पाणी. मी वढणी दातात धरली.

"लागायलंय का गं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"मग डोळे कामून मिटलीस?"

"झोप यायली."

चुलीपुढून माय म्हणली, "लागलं तर लागू द्या की. लागल्याबिगर गुण येतो व्हय?" आमच्याकडं पाय चोळून घेताना जो वरडत नाही त्याला चोळलंच नाही असं धरतात.  दुसऱ्या दिवशीही तसाच ठणका. रोज मी ठरवायची, उद्या आरतीताईंना फोन करू, आणि उद्या आला की म्हणायची, अजून एक दिवस बघू. लई भीती वाटायची. फोन केला की लातूर गेलं, नाही केला तर पाय गेला.

आणि मग एका संध्याकाळी ठणका आलाच नाही. अण्णा मान खाली घालून मशीन फिरवत होते, हिरवा दिवा चालू होता, आणि पाय गप. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गप. मी चादरीत तोंड घालून रडले, आनंदानं. आरतीताईंचा फोन आला तवा ऐटीत सांगितलं, "अजिबात ठणकत न्हाई ताई." त्या म्हणल्या, लातूरला जायच्या आधी एकदा दाखवून जा. मी कशाला जाते? बरा झालेला पाय काय दाखवायचा?

निवडीच्या दिवशी लातूरच्या मैदानावर नुसता पोरींचा गलका. आमचे क्रीडाशिक्षक लिंबाजी सर येऊन सांगून गेले, "पुढच्या तुकडीत तुझं नाव हाय. अंग गरम कर." मशीन आल्यापासून पहिल्यांदाच पळत मी दोन चकरा मारल्या आणि वळताना नडगीत काहीतरी चमकलं. बारीकच. पण अण्णांनी चुन्याच्या रेषेपलीकडून माझं तोंड बघितलं आणि सरळ आत आले.

"बाई, पाय दुखायला ना?"

"काही न्हाई अण्णा. बसून बसून आखडलाय."

"खरं सांग."

मला चीड आली. नाव पुकारायची वेळ आणि ह्यांचं हे. म्हणलं, "अहो, हाड चांगलं हाय! आरतीताईच म्हणल्या व्हत्या, मशीनखाली ठणका आला तर चीर. आधी येत व्हता, आता येत न्हाई. झालं समाधान?"

 अण्णांच्या तोंडावरचा रंगच उतरला. मग हळूच म्हणले, "मशीन चालू नव्हतं."

"काय?"

"दिवा तेवढा चालू असायचा. जोर मी शून्यावर ठेवायचो. तू वढणी चावायलीस, मला बघवंना. बंद करू म्हणलं असतं तर तू भांडली असतीस. मला काय ठावं, दुखण्यावरच सगळं हाय म्हणून? तू सांगितलंस का मला?"

माझ्या तोंडाला आलं ते मी बोलले. "घात केलात अण्णा तुम्ही माझा." ते म्हणले, "केला. तू पळू मात्र नको."

तिकडं माझ्या आधीच्या पोरीचं नाव पुकारलं. माझ्या मनात काय काय आलं सांगू? नसंलच चीर. एकदाच तर पळायचंय. अण्णांना बाजूला ढकलावं आणि जावं. मग मी डावा पाय वर घेतला आणि उजव्यावर एक उडी मारली.

तोच ठणका. पहिल्या संध्याकाळचा. पार दाढेपर्यंत गेला.

"राजकन्या सुदाम!" टेबलावरून हाक आली. मी तशीच एका पायावर उभी राहिले. लिंबाजी सर हातवारे करायले, चल, चल. दुसरी हाक आली. तवा अण्णाच वरडले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, "न्हाई येत ती! पाय चिरलाय तिचा!"

पोरी वळून बघायल्या. टेबलावरच्या माणसानं कागदावर रेघ ओढली आणि पुढचं नाव घेतलं. एवढंच. वर्षभर पहाटे उठून पळाले त्याचं एवढंच झालं. मी छातीवरचा नंबर काढून अण्णांच्या हातात दिला आणि तिथंच मातीत बसून रडले, लहान पोरीसारखी. अण्णा शेजारी उकिडवे बसले. समजूत घालायला गेले नाहीत, ते बरं केलं.

मग म्हणले, "आता थेट आरतीबाईकडंच जाऊ."

"हाव."

"त्या दाबून बघतील. लागंल."

"लागू द्या. मी वरडीन. तुम्ही बाहेर बसा."

अण्णांनी माझा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि मला उभं केलं, उजवा पाय भुईला न टेकवता.

"न्हाई," ते म्हणले, "मी आतच बसतो. तू वरड."