उणे गुणिले उणे

सुचित्रा परदेशात, वुडलँड्स नावाच्या उपनगरातल्या एका किंडरगार्टनमध्ये मदतनीस होती. मुलांचे डबे उघडून देणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभं राहणं, नाकं पुसणं, दुपारी गाद्या घालणं, ही तिची कामं. ती तिला आवडायची. पण वर्ष संपलं की तिने बोलती-चालती केलेली मुलं वरच्या वर्गातल्या टीचरकडे जायची आणि ती पुन्हा नव्या रडणाऱ्यांसाठी दाराशी उभी राहायची.

"तू डिप्लोमा का करत नाहीस? तुला शिकवता येतं, मी पाहते ना," मुख्याध्यापिका दरवर्षी विचारायच्या.

डिप्लोमाला गणित लागायचं. सुचित्राचं दहावीचं प्रमाणपत्र त्यासाठी पुरेसं नव्हतं. चिपळूणला ती दहावीत गणितात नापास झाली होती, ऑक्टोबरला पुन्हा बसून काठावर सुटली होती आणि त्या दिवशी तिने ठरवलं होतं की या विषयाचं तोंड परत पाहायचं नाही. पंचवीसेक वर्षं ते तिला जमलंही. नवरा रविंद्र जहाजावर चीफ इंजिनिअर, मुलगी तन्वी पॉलिटेक्निकला. घरातलं सगळं गणित त्या दोघांकडे.

त्या वर्षी मात्र वरच्या वर्गाची टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि महिनाभर सुचित्राने तो वर्ग सांभाळला. मुलांना गोष्ट सांगताना, पानं गोळा करून त्यांचे आकार लावताना तिला इतकं बरं वाटलं, की महिना संपल्यावर तिला खालच्या वर्गात परत जावंसंच वाटेना. त्या शनिवारी तिने मोठ्या माणसांसाठी पायाभूत बीजगणित शिकवणाऱ्या एका इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. तन्वीला तिने ते जेवताना सांगितलं.

"मम्मी, अल्जिब्रा? यू?" तन्वी म्हणाली. मग आईचा चेहरा बघून म्हणाली, "ओके लाह. कॅन. जमेल तुला."

वर्ग दर शनिवारी दुपारी असायचा. शिकवणारे मिस्टर गोह निवृत्त शिक्षक होते. एसीमुळे कायम स्वेटर घालायचे आणि इतकं हळू बोलायचे की सगळ्यांना पुढे सरकून बसावं लागायचं. सुचित्राच्या शेजारी सिउ लान नावाची साठी ओलांडलेली बाई बसायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला राहायची. तिने आयुष्यभर एका दवाखान्यात केस पेपर काढायचं काम केलं होतं आणि आता नोकरी संपल्यावर लहानपणी सुटलेली शाळा पुरी करायला निघाली होती.

"कशासाठी?" सुचित्राने विचारलं.

"माझ्या भावांना पुढे शिकवलं, मला नाही," सिउ लान म्हणाली. "आता त्यातले दोघे गेले. मला कोण अडवणार?"

पहिले काही आठवडे ठीक गेले. मग ऋण संख्या आल्या. उणे दोन अधिक पाच, इथवर सुचित्राला ओढूनताणून जमत होतं. त्या शनिवारी मिस्टर गोहंनी फळ्यावर उणे दोन गुणिले उणे तीन लिहिलं आणि मार्कर तिच्यापुढे धरला. "सुचित्रा, प्लीज, तुम्ही बघा करून."

ती उठली, फळ्यापर्यंत गेली, आणि तिला समोरचं दिसेनासं झालं. चिपळूणच्या शाळेत सर तिला असंच फळ्याशी उभं करायचे. उत्तर येईपर्यंत जागेवर बसायचं नाही. मागे मुली हसायच्या, आणि उत्तर तर येतच नसायचं. आता इथे कोणीही हसत नव्हतं. तरी तिने मार्कर फळ्याशी तसाच ठेवून दिला. "सॉरी सर," एवढंच बोलून ती वर्गाबाहेर गेली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. बॅग आत राहिली होती, नाहीतर ती सरळ स्टेशनवरच गेली असती.

थोड्या वेळाने सिउ लान बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. खारवलेल्या आलुबुखाराची पुडी काढली, एक सुचित्राच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला.

"तू पळालीस म्हणून त्यांनी मला बोलावलं," ती म्हणाली. "मीही पळाले."

सुचित्राला रडता रडता हसू आलं.

"तुला उत्तर येतं?" तिने विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

"मग दोघी जाऊ. दोघींना येत नसेल तर लाज अर्धी अर्धी."

त्या खरंच दोघी मिळून फळ्याशी उभ्या राहिल्या. उत्तर चुकलं. मिस्टर गोहंनी मान डोलावली आणि म्हणाले, "छान, आता आपल्याला कळलं की इथे थांबायला हवं." त्या दिवशी त्यांनी पुढचा धडा घेतलाच नाही.

याच सुमाराला रविंद्र जहाजावरून सुट्टीवर आला. पाच महिन्यांनी घरी आलेला माणूस. सुचित्राने त्याच्यासाठी वालाची उसळ केली, त्याने तिच्यासाठी कुठल्याशा बंदरातून आणलेला निळा स्कार्फ तिच्या खांद्यावर टाकला. बायको गणित शिकतेय याचा त्याला इतका आनंद झाला, की दुसऱ्याच दिवशी तो पेन्सिलीला टोक काढून डायनिंग टेबलवर बसला.

"ये, बस. आठवड्यात तुझं पुस्तक संपवून टाकतो."

तो भरभर लिहायचा. तीन ओळींचं उदाहरण एका ओळीत सोडवायचा.

"हे पाच इकडून तिकडे गेले ना, म्हणजे वजा झाले. मग तीनने भागलं. आलं उत्तर."

"तिकडे कसे गेले?"

"अगं, जातात. दिसतंय ना समोर."

"मला नाही दिसत."

"सुचित्रा, हे अगदी सोपं आहे."

तिने पुस्तक मिटलं. "सोपं आहे हे मला चिपळूणच्या शाळेतही सांगायचे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

रविंद्रला वाईट वाटलं, आणि आपण नेमकं कुठे चुकलो हे न कळल्यामुळे जास्तच वाईट वाटलं. इंजिनरूममधल्या ज्युनिअर लोकांना तो असंच शिकवत आला होता. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी तन्वी म्हणाली, "पप्पा, यू एक्स्प्लेन लाइक यू आर लेट फॉर समथिंग."

शनिवारी तो म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर. खाली कॉफी पीत बसेन."

एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, दोघं शेजारी बसली. ती पुस्तक उघडून बसली होती, तो खिडकीबाहेर बघत होता. वर्ग सुरू झाल्यावर तो खाली कॉफी पिऊन कंटाळला आणि वर गेला. मधली सुट्टी झाली होती. वर्गाच्या दाराच्या काचेतून त्याला सुचित्रा दिसली. ती सिउ लानला काहीतरी समजावत होती. टेबलवर दोन कागदी पिशव्या, काही सुटी चॉकलेटं. दोन्ही बाजूंना सारखी चॉकलेटं आहेत, पण एका बाजूची काही पिशव्यांत लपली आहेत. आधी सुटी काढायची, दोन्हीकडून सारखीच. मग दुसऱ्या बाजूला उरलेली पिशव्यांत सारखी वाटायची. सिउ लान चुकली की सुचित्रा सगळं पुन्हा मांडायची. शेवटी सिउ लानने स्वतःच उत्तर काढलं आणि पिशवी उघडून खात्री करून घेतली. रविंद्र बाहेर बराच वेळ उभा होता. त्याने दार वाजवलं नाही.

घरी परतताना तो म्हणाला, "मी तुला शिकवणार नाही आता."

"राग आला का तुम्हाला?"

"नाही. तू मला शिकव. वर्गात जे झालं ते रोज संध्याकाळी मला सांगायचं. मी फक्त 'का' विचारणार."

"तुम्हाला येतं की सगळं."

"उत्तरं येतात. आज त्या बाईंना तू जे दाखवलंस, ते मला कोणी दाखवलं नव्हतं."

तिला वाटलं, मन राखायला बोलतोय. पण संध्याकाळी तो खरोखरच भाजी निवडायला घेऊन समोर बसला आणि प्रत्येक पायरीला "का?" विचारू लागला. कधी ती अडकायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणायची. कधी दोघंही अडकायची. उणे गुणिले उणे धन का होतं, इथे तर रविंद्रच अडखळला.

"नियम आहे," तो म्हणाला.

"का?"

"आयुष्यभर वापरलाय गं मी. कधी विचारलंच नाही."

सुचित्राने दोन दिवस त्यावर डोकं खाजवलं. किंडरगार्टनमध्ये मुलांना पुढे-मागे चालण्याचा खेळ घेताना तिला काहीतरी सुचलं. घरी आल्या आल्या तिने रविंद्रला कॉरिडॉरमध्ये नेलं. त्यांच्या फ्लॅटसमोरून लांबलचक उघडा कॉरिडॉर जायचा. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला जिना.

"आपलं दार म्हणजे शून्य," ती म्हणाली. "लिफ्टकडे धन, जिन्याकडे ऋण. उणे दोन म्हणजे तोंड जिन्याकडे. उभे राहा."

तो जिन्याकडे तोंड करून उभा राहिला.

"एका वेळी दोन पावलं टाकायची. गुणिले तीन म्हणजे तीनदा पुढे चाला. कुठे पोचलात?"

"जिन्याकडे. उणे सहा."

"या परत. आता गुणिले उणे तीन. तोंड तिकडेच ठेवा, पण चालायचं उलटं, मागे मागे."

रविंद्र मागे मागे चालू लागला. अर्धी चड्डी, हातात अजून कोथिंबिरीची जुडी. शेजारच्या हमीदाबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी झारी खाली ठेवली आणि विचारलं, "चीफ, यू ओके ऑर नॉट?"

"माय वाइफ इज टीचिंग मी," रविंद्र म्हणाला आणि मागे जात जात लिफ्टच्या बाजूला येऊन थांबला. त्याने वळून आपल्या दाराकडे पाहिलं.

"धन सहा," तो हळूच म्हणाला. "अगं, दोनदा उलटं झालं."

"हो," सुचित्रा म्हणाली. तिला स्वतःलाही ते आत्ताच पक्कं कळलं होतं.

परीक्षेच्या आधीच रविंद्रची सुट्टी संपली. तो निघाला तेव्हा मायलेकींनी त्याला टॅक्सीत बसवलं आणि सुचित्राने त्याच्या हातात थालीपिठांचा डबा दिला. "पेपर झाला की मेसेज कर," तो म्हणाला. "कसा गेला ते नको. काय आलं होतं ते सांग."

पेपरला सुचित्राला एकदा उठून बाहेर जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली. एक उदाहरण सोडून दिलं, बाकीची केली. निकाल फोनवर आला तेव्हा ती मुलांच्या गाद्या घालत होती. पास. काठावर नाही, चांगली पास. तिने गादीवरच बसून तन्वीला कळवलं, जहाजावर मेसेज टाकला आणि मग सिउ लानला फोन लावला. सिउ लानने तो उचलला नाही. संध्याकाळीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी सुचित्रा बेडोकला गेली. सिउ लानने दार उघडलं आणि तिला बघून तोंड फिरवलं.

"अभिनंदन करायला येणार होते," ती पाठमोरीच म्हणाली. "पण मी नापास झाले. आधी मला थोडं रागावून घ्यायचं होतं."

"माझ्यावर?"

"सगळ्यांवर. तुझ्यावर थोडं."

सुचित्रा दाराशीच उभी राहिली. "मला त्या दिवशी तू आत नेलं नसतंस तर मी परत आलेच नसते," ती शेवटी म्हणाली.

सिउ लान आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पेजेचे दोन वाडगे होते. "यात मांस नाही," ती म्हणाली. "बस. आधी खा. मग मला सांग, त्या पाचव्या प्रश्नात माझं काय चुकलं."

सुचित्राचा डिप्लोमा जानेवारीत सुरू झाला. शनिवार त्यात गेले, म्हणून बेडोकला ती रविवारी जाऊ लागली. कधी सिउ लान कंटाळायची आणि दोघी मार्केटमध्ये भाजी बघत फिरायच्या, कधी पुस्तक चांगलं दोन तास उघडं राहायचं. जूनच्या सुट्टीत रविंद्र घरी आला, तेव्हा तोही एकदोनदा बरोबर गेला आणि पेज खाता खाता "का?" एवढंच विचारत बसला.

पुढच्या परीक्षेत सिउ लान पास झाली. तिने सुचित्राला मुद्दाम तिच्या कामाच्या वेळेत फोन केला, म्हणजे पलीकडून मुलांचा गोंगाट ऐकू येईल. पास झाले, एवढं सांगून तिने तो गोंगाट ऐकून घेतला. मग म्हणाली, "पुढच्या वर्गात भूमिती आहे म्हणे. तुला येते?"

"नाही," सुचित्रा म्हणाली.

"बरं झालं. मग रविवारी ये."