कोरड्या विहिरीचा शाप

“जे ठाऊक नाही त्याला आधी क्ष म्हण. नाव दिलं की निम्मी भीती जाते.” विदोसावाचे वडील रेल्वेत सिग्नलवाले होते. लहानपणी गणित अडलं की ते तिला हेच सांगायचे. आता ती क्रुशित्साच्या शाळेत स्वतःच गणित शिकवत होती, आणि गुरुवारी संध्याकाळी काफानाच्या, म्हणजे गावच्या कॉफीघराच्या, अंगणात उभी राहून सगळं गाव क्षला घाबरताना पाहत होती.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्रोडाखालच्या बाकावर प्रोकोप नावाचा द्रष्टा डोळे मिटून डुलत होता. आठवड्यापूर्वी तो गावात आला आणि म्हणाला, “उद्या सात चोविसाला बस आणि पोस्टमन कोरड्या विहिरीपाशी समोरासमोर येतील.” आले! परवाही आले. तेव्हापासून लोक त्याच्या जोड्यांची माती पुडीत बांधून नेत होते.

आज पाळी विदोसावाच्या भावाची, रादिसावची होती. रविवारी त्याच्या मुलीचं, क्रुनियाचं लग्न. तिला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या दोलाव गावात दिलं होतं, आणि त्याच दिवशी दोलावाची झागोर्का क्रुशित्सात सून म्हणून येणार होती. दोन वराती वाटेत भेटल्या आणि नवऱ्यामुलींची नजरानजर झाली, तर एकीचा संसार मोडतो, असं या मुलखात सगळेच मानत.

“मला चाकं ऐकू येताहेत...” प्रोकोप घोगऱ्या आवाजात म्हणाला. “घोडे... घोडेच ना?”

“घोडेच, महाराज! नऊला निघणार.”

“आणि पलीकडून मंद पावलं...”

“बैल!” चार जण एकदम ओरडले. “दोलावात नवरी रुखवताच्या पेटीसकट बैलगाडीतच बसते. साडेनऊचा मुहूर्त आहे त्यांचा.”

प्रोकोपने बाही तोंडावर घेतली आणि बराच वेळ आत्म्यांशी पुटपुटला. मग किंचाळला, “साडेदहा! कोरडी विहीर! तिथे दोघी एकमेकींना पाहतील! ती विहीर माणसं ओढून घेते!”

रादिसावच्या बायकोने क्रुनियाला जवळ ओढलं. प्रोकोपच्या मते उपाय एकच होता. लग्न एक वर्ष पुढे ढकलायचं आणि घरची तांबडी घोडी चाळीस दिवस द्रष्ट्याकडे ठेवायची, म्हणजे शाप तिच्यावर उतरेल.

“वर्षभर?” क्रुनिया म्हणाली. “ते पुढच्या महिन्यात जहाजावर जाताहेत. तीन वर्षं परत येणार नाहीत.”

“पोरी, तीन वर्षं परवडली. विहीर नाही परवडायची,” प्रोकोप म्हणाला.

विदोसावा पुढे झाली. तिचा आवाज नेहमीच इतका हळू असे की ऐकायला लोकांना गप्प बसावं लागे.

“महाराज, माझं एक मांजर माळ्यावरून निघतं आणि एक उंदीर तळघरातून. कुठे भेटतील?”

“मांजर धावतं किती जोरात?” प्रोकोपच्या तोंडून निघून गेलं.

 मग मागून कुणीतरी खिदळलं, “आत्मे आता मांजराचा वेगसुद्धा विचारतात का?”

विदोसावाने चुलीतला कोळसा उचलला आणि काफानाच्या पांढऱ्या भिंतीवर लिहायला घेतलं.

“अगं, भिंत!” मालक कळवळला.

“मी पुसून देईन, दादा. क्रुनियाची वरात भेटेपर्यंत क्ष तास चालली. घोडे ताशी आठ किलोमीटर, म्हणून अंतर आठ क्ष. झागोर्काची अर्धा तास उशिरा निघाली. बैल ताशी चार, म्हणून चार गुणिले क्ष वजा अर्धा. दोन्ही अंतरं मिळून आपला सोळा किलोमीटरचा रस्ता. बारा क्ष बरोबर अठरा. क्ष म्हणजे दीड तास. नऊ आणि दीड?”

“साडेदहा,” रादिसाव पुटपुटला.

“आठ गुणिले दीड, बारा. आपल्या गावापासून बाराव्या किलोमीटरच्या दगडाशी काय आहे?”

“विहीर!”

“नास्तिक बाई!” प्रोकोप गरजला.

“मी बुधवार-शुक्रवारचा उपास कधी मोडलेला नाही, महाराज. रोज देवापुढे दिवा लावते. म्हणूनच म्हणते, देवाला बैलगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायला बसवू नका.”

“मग बस आणि पोस्टमन?” रादिसावने विचारलं.

भाकरी चावत उभा असलेला पोस्टमन तिहोमिर म्हणाला, “सहा वर्षं मी रोज तिथेच बसची धूळ खातोय, ताई. मला कुणी विचारलंच नाही.”

“उद्या दोलावाहून आठ मिनिटं उशिरा निघशील? एक कॉफी जास्त पी. मग तुम्ही विहिरीशी नाही, तेराव्या दगडाशी भेटाल. सात सव्वीसला.”

“बघू कुणाचं खरं होतं,” प्रोकोप म्हणाला. 

शुक्रवारी सातच्या बसमध्ये सगळा गाव कोंबला होता. दोघांच्या मांडीवर कोंबड्या होत्या आणि रादिसावच्या हातात शाळेचं घड्याळ. सात चोविसाला विहीर मागे गेली. विहिरीवर एक सरडा ऊन खात पडला होता, बाकी कुणी नाही.

“सात पंचवीस,” रादिसाव म्हणाला. “सात सव्...”

तेराव्या दगडापाशी धुळीतून सायकलची घंटी वाजली. “कॉफी छान होती!” तिहोमिर ओरडला. बस हसून हसून एका बाजूला कलली. प्रोकोप पहाटेच कुरणातून पसार झाला होता, तांबडी घोडी न नेता. त्याच बसने गाव परतला, तेव्हा त्याच्या बाकाखाली एक जाड वही सापडली. तिच्यात गावातल्या प्रत्येक गाडीची सुटायची वेळ आणि चाल लिहिलेली होती.

“मग मास्तरीणबाई,” रादिसावने ओशाळून विचारलं, “भेट टळायची तर किती वाजता निघू?”

“कितीही वाजता नीघ. एकाच रस्त्यावर समोरासमोरून निघालेले भेटणारच. गणित फक्त कुठे ते सांगतं. बायांनो, बाप्यांनो, यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर आधी एवढंच विचारा, याला ही माहिती आपणच दिली होती का? न विचारता हात जोडणं ही भक्ती नव्हे. देवाने डोकं दिलंय, ते वापरणं हीसुद्धा त्याची पूजाच.”

क्रुनियाने तिचा हात धरला. “आत्या, झागोर्काच्या कानावरही हे भाकीत गेलं असेल. तिकडे ती रडत असेल. तिला सांगशील का, मी विहिरीपाशी गाडी थांबवणार आहे, चेहऱ्यावरचा पडदा काढून? मला तिला मिठी मारायची आहे.”

“सांगते. आजच.”

दोलावाला जाणारी पुढची बस संध्याकाळी होती. विदोसावाने शुक्रवारच्या उपासाची, तेल न घातलेली उसळ आणि पावाचा तुकडा खाल्ला, शाल घेतली, भिंत पुसायचं काम रादिसावकडे सोपवलं आणि पायीच दोलावाच्या रस्त्याला लागली.