चार दगड आणि नीळ

जयसिंगला या सौद्यात पहिल्यापासूनच काळंबेरं वाटत होतं. गिऱ्हाईक होतं पुण्याची उत्कर्षाताई, हिंजवडीला कंप्युटरवाली, आणि तिचा आयर्लंडचा नवरा डेक्लन. धरणाच्या वरच्या अंगाचा पाच गुंठ्यांचा तुकडा विकून जयसिंगला जीप घ्यायची होती, पौडपर्यंत प्रवाशांच्या शिटा मारायला. ताईला जागा पसंत. पण नवऱ्यानं बांधायच्या घराच्या चार कोपऱ्यांवर चार काळे दगड मांडले.

"यांच्याकडं असंच करतात, काका," ताई म्हणाली. " सकाळी दगड हलले असले, तर ती पऱ्यांची वाट. तिथं घर बांधत नाहीत."

"पऱ्या? पंखवाल्या?"

"पंख नसतात, आपल्यासारख्याच दिसतात. नाव घेतलं की चिडतात, म्हणून 'भली माणसं' म्हणायचं."

सकाळी दोन दगड हातभर सरकलेले. ताई हट्टी; पुन्हा मांडायला लावले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

आयर्लंडच्या पऱ्यांना मुळशीचा व्हिसा कुणी दिला? जयसिंगचा संशय चुलतभाऊ नरहरीवर. त्याचा त्या तुकड्यावर कधीपासून डोळा. सांजच्याला जयसिंगनं गुपचूप चारी दगडांना कपड्याची कोरडी नीळ चोळली. काळ्या दगडावर दिसणार न्हाई, हाताला पाणी लागलं की लपणार न्हाई.

तिसऱ्या सकाळी दोन दगड हललेलेच. जयसिंगनं नरहरीला चहाला बोलावलं.

"आधी हात धू."

"चहाला हात? लगीन हाय का काय?"

धुतले. स्वच्छ! जयसिंगचं तोंड उतरलं.

मग पाहुणे आले. बायको रत्नाबाईनं डेक्लनच्या हातावर पाणी घातलं आणि त्याचे तळवे निळेशार झाले. डेक्लन लालबुंद. इंग्रजीत काहीबाही पुटपुटला.

"इथं राहायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचंस ना!" ताई कडाडली. "काका, पऱ्याबिऱ्या काही नाही. आजच विसार घ्या."

जयसिंग खूश व्हायला गेला आणि त्याची नजर तांब्यावर पडली. तांब्या धरलेली रत्नाबाईची ओली बोटंही निळी.

"तू पण?"

"व्हय, रातीला एक दगड त्यांनी सरकावला, एक म्या," रत्नाबाई म्हणाली. "भाताची रोपं त्याच तुकड्यात टाकतुया ना आपण? उद्या कुटं टाकायची, तुमच्या जीपच्या टपावर?"

नरहरी फस्सकन हसला. जयसिंगनं त्याच्याकडं बघितलं, मग ताईनं पुढं केलेल्या नोटांकडं, मग बायकोकडं. ती नजर हलवंना.

"न्हाई जमायचं, ताई," तो म्हणाला. "चहा घ्या, गार होतुया."